उरलेली वीतभर नळी

तुम्हा दोघा नातवंडांना हे एकाच मजकुराचं पत्र पाठवते आहे, म्हणजे पुढे एकाने दुसऱ्याला वेगळं सांगायला नको. आणि मोठ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे देवनागरी वाचता येत नाही ही सबब चालणार नाही. मी तुम्हाला शिकवलेली आहे.

गेल्या महिन्यात थोरली इथे येऊन गेली. तिने जेवणाच्या टेबलावर एक छोटी बाटली ठेवली. आत पाण्यात नळीचा तुकडा होता, धुरकट, पेन्सिलीच्या शिसाहून जरा जाड. ही रक्तवाहिनी आम्ही प्रयोगशाळेत यंत्रावर छापून काढली, असं ती म्हणाली. तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. तिने तो टेबलावरच मोठ्या आवाजात लावला आणि नळीबद्दल त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, की हे तेव्हा असतं तरी काय उपयोग, आजोबा रापण ओढायलाच गेले असते. तुम्ही दोघं हसलात.

मी ताटं उचलून आत गेले. मला राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही. तुमचा त्यात दोष थोडा आहे. या घरात ती गोष्ट तशीच सांगितली जाते: डॉक्टरांनी हातात नळी बसवली, आजोबांनी हट्टाने रापणीचा दोर ओढला, नळी बंद पडली, आजोबा गेले. तुमच्या आईला, मामाला, सगळ्यांना हेच माहीत आहे. पाच वर्षं मी ती तशीच सांगू दिली. ती अर्धी आहे. उरलेली अर्धी माझ्याकडे आहे.

तुमचे आजोबा अठ्ठ्याण्णव साली पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही देवबागच्या या घरी कायमचे राहायला आलो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये आम्ही. नोकरीभर कोकणातली सहा-सात गावं फिरलो, पण त्यांचं मन या वाळूतच होतं. त्यांचे वडील रापणीवर होते. रापण तुम्ही लहानपणी पाहिली आहे, पण आठवत नसेल म्हणून सांगते. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून गावातली माणसं ओढतात. जाळं वाळूवर आलं की मासळीचे वाटे पडतात. नियम एकच. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. म्हातारा असो, पाहुणा असो, शेवटच्या दहा हातांना आलेला असो. आणि ज्याने हात लावला नाही त्याला नाही, मग तो कुणीही असो.

हा नियम मी लग्न होऊन आले त्याच वर्षी शिकले. मी मुंबईत इंग्रजी शाळेत शिकलेली, वडील गोदीत कारकून. पहिल्याच हिवाळ्यात घरी वाटा आला आणि मी चवीने जेवले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर एक बाई दुसरीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेताने, "मुंबयची राणी. दोराक बोट लावना नाय, मासो मात्र काट्यासकट खाता." सगळ्या हसल्या. मी घागर घेऊन परत आले. तेव्हापासून माझ्या घरात एक रीत पडली: आमच्यापैकी कुणाचा हात दोराला लागला नसेल तर रापणीचा मासा घरात येणार नाही. बाजारातून विकत आणू. बदलीच्या गावांत हा प्रश्नच नव्हता. देवबागला परत आलो तेव्हा आजोबा रोज दोर धरायला जात, त्यामुळे तेव्हाही नव्हता.

मग त्यांची मूत्रपिंडं गेली. साखरेचा आजार जुना होता, औषधांत हयगयही जुनी होती, आणि त्याबद्दल मी त्यांना जे बोलायचं ते तेव्हाच बोलले आहे. आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला गोव्यात न्यावं लागे. आमच्या जिल्ह्यात तेव्हा जवळपास सोय नव्हती. पहाटे जीप, बांद्यावरून पुढे गोव्यात, चार तास यंत्राला जोडून, मग परत. यंत्राला रक्त भरपूर आणि वेगाने लागतं. साध्या शिरेतून ते येत नाही. म्हणून मनगटाजवळ शीर आणि धमनी एकमेकींना जोडून शीर फुगवायचा प्रयत्न झाला. ती फुगलीच नाही. त्यांच्या शिरा सुतळीसारख्या झाल्या होत्या. मग सर्जन म्हणाले, कृत्रिम नळी घालू.

डाव्या हातात, कोपराच्या वळणापासून खाली आणि वळून परत कोपरापर्यंत, घोड्याच्या नालेच्या आकाराची नळी त्यांनी कातडीखाली बसवली. नळी टेफ्लॉनची. सर्जनांनी समजावून सांगितलं, की तव्याला ज्याचा थर देतात तेच हे, काही चिकटू नये म्हणून. मी विचारलं, तव्याचा थर वर्षभरात जातो, मग याचं काय. ते म्हणाले, बाई, तुम्ही फार प्रश्न विचारता. तेव्हाही मला राग आला होता.

शस्त्रक्रियेनंतर मी उरलेली नळी मागितली. पाकिटात दीड हात आली होती, सगळी लागली नव्हती. शिंप्याकडून आपण उरलेलं कापड मागून घेतो तशी मी ती मागितली. परिचारिका हसली, पण वीतभर तुकडा धुऊन पुसून एका बाटलीत घालून दिला. पांढराशुभ्र, बोटात दाबला तर दबणारा, सोडला की गोल होणारा.

घरी आल्यावर मी इंग्रजी कागद वाचून त्याचं मराठी केलं आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. त्या हाताला घड्याळ नको. रक्तदाबाचा पट्टा नको. यंत्राची सोडून दुसरी सुई नको. त्यावर डोकं ठेवून झोपू नये. ओझं उचलू नये. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला नळीवर बोट ठेवून आत घरघर लागते का पाहावं. ती घरघर म्हणजे रक्त वाहतं आहे. मी वही केली. तारीख, वेळ, आणि पुढे "आवाज आहे".

त्या हाताची गावात कीर्ती झाली. शेजारची म्हातारी येऊन आजोबांच्या हाताला कान लावून बसली आणि म्हणाली, "ह्येच्या हातात कोणी भोवरो सोडलो काय रे?" आजोबा खूश होऊन बाह्या वर करून प्रत्येकाला ऐकवत. पोस्टात तारा येत तशी घरघर आहे, असं सांगत.

दोर ओढणं अर्थातच बंद झालं. ते किनाऱ्यावर जात, वाळूवर बसून बघत आणि परत येत. मग एका सकाळी रापणीच्या तांडेलाची बायको टोपली घेऊन दारात आली. तांडेल म्हणजे रापण ज्याच्या हुकमाने चालते तो. हा तांडेल आजोबांचा लहानपणापासूनचा जोडीदार, एका पाटीवर धुळाक्षरं गिरवलेले दोघे. टोपलीत बांगडे होते.

मी विचारलं, हे कसले. तिने सांगितलं, मास्तरांचा वाटा. मी म्हटलं, मास्तर तर वाळूवर बसले होते. ती म्हणाली, "वाटो नाय गो वयनी, भेट म्हणान घे." मी घेतली नाही. गोड बोलून, हात जोडून, पण टोपली परत पाठवली. आमच्या घरातलं कुणी दोराला हात लावलेलं नाही, फुकटचा मासा आम्हाला नको, असं स्पष्ट सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. मी पुन्हा परत पाठवली. आजोबा ओसरीवर बसून ऐकत होते. मला त्या दोन्ही दिवशी आपण बरोबर वागलो असं वाटलं होतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या विहिरीवरच्या बाईला मी उत्तर दिलं होतं. ती बाई कधीच मरून गेली होती.

मग तो जानेवारीतला दिवस. सकाळी सहाला वहीत लिहिलं, आवाज आहे. ते फिरायला गेले. दहाच्या सुमारास परत आले तर बरोबर तांडेलाची बायको, डोक्यावर टोपली. चेहरा असा की जणू पोस्टाची परीक्षा पुन्हा पास झाले. म्हणाले, "ह्यो माजो वाटो. सगळ्यांनी बघितला हा. आता परत धाड बघू."

मी विचारायला हवं होतं, सगळ्यांनी काय बघितलं. मी विचारलं नाही. मला बांगडे दिसले. ताजे, डोळे चमकणारे. दोन वर्षांत रापणीचा मासा घरात आला नव्हता. मी तिरफळ घालून तिखलं केलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच मीठ घातलं. दोघं पोटभर जेवलो. दुपारी ते झोपले. मी त्यांचा हात पाहिला नाही. सहाला पाहायचा असतो, म्हणून सहालाच पाहिला. शिस्त म्हणतात ती ही.

सहाला बोट ठेवलं. काही नाही. जागा बदलली. कान लावला. मी त्यांना म्हटलं, गप्प बसा, श्वास रोखा. त्यांनी रोखला. वहीत त्या दिवसापुढे लिहिलेलं आहे: "आवाज नाही."

तेव्हा त्यांनी सांगितलं. दोर धरला होता. कमरेला पट्टा बांधून ओढायची ताकद नव्हती, म्हणून दोर डाव्या कोपराच्या वळणात घेऊन ते मागे रेलले होते. बरोबर जिथे नळी शिरेला आणि धमनीला जोडली होती तिथे. कागदावर घड्याळ होतं, रक्तदाबाचा पट्टा होता, हात उशाला घेणं होतं. रापणीचा दोर नव्हता. ज्यांनी तो कागद लिहिला त्यांनी रापण कधी पाहिली नव्हती. ज्या बाईने त्याचं मराठी केलं, तिने पाहिली होती.

मी फार बोलले त्यांना. ते सगळं इथे लिहीत नाही.

इस्पितळात फोन लावला तर लगेच निघा म्हणाले. जीप मिळाली दुसऱ्या दिवशी पहाटे. सर्जनांनी नळी उघडली, आत गोठलेलं रक्त बाहेर काढलं, दोन तास खटपट केली. चालू झाली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा बंद पडली. त्यांनी विचारलं, हातावर दाब आला होता का. मी इंग्रजीत सांगितलं, यांनी मासळीच्या जाळ्याचा दोर ओढला. सर्जन म्हणाले, अशा माणसाला दोर ओढू दिला कुणी? मी म्हटलं, कुणी नाही, स्वतःच्या हट्टाने गेले. आजोबा खाटेवर होते. इंग्रजी त्यांना पुरेसं समजत होतं. ते छताकडे बघत राहिले. नळीचा दोष नाही, असं सर्जनांनी कागदावर लिहिलं. तुम्हाला जी गोष्ट माहीत आहे ती त्या खोलीत तयार झाली, माझ्या तोंडून.

मग मानेच्या शिरेत तात्पुरती नळी घातली. घरी आलो त्याच दिवशी संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेले. जाळी विणत बसलेल्या दहा-पंधरा माणसांसमोर मी तांडेलाला वाटेल ते बोलले. जोडीदार म्हणवतोस, अर्धमेल्या माणसाकडून दोर ओढून घेतलास, लाज कशी वाटली नाही. त्याने विणायची सुई खाली ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाला, "वयनीनू, दोनदा टोपली धाडली, दोनदा तुमी परत केलात. हात लावल्याशिवाय नको म्हणालात. मगे आमी काय करतलव? म्हटला, नुसतो हात लावूक सांगूया, चार माणसांनी बघूक होया. मगे वयनी परत धाडूची नाय."

मी परत आले.

घरी येऊन आजोबांना विचारलं, हे खरं का. ते म्हणाले, "नुसतो हात लावचो, ह्याच ठरला होता. पण दोर हातात इलो, ओढ लागली. मगे सोडूक होयना." मी विचारलं, इस्पितळात का नाही बोललात, मी तुमच्यावर ढकललं तेव्हा. ते म्हणाले, "तू इंग्रजीत बोलत होतंस. मधी खंय बोलू?" आणि हसले. मानेत नळी असलेला माणूस हसला की फार वाईट दिसतं.

मानेतल्या नळीत जंतू गेले. ताप आला, उतरला, पुन्हा आला. होळीआधी ते गेले. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणाला, तेवढंच आयुष्य होतं. या वाक्याचा मला जितका संताप आहे तितका कशाचाच नाही. आयुष्य तेवढं नव्हतं. नळी तेवढी होती, आणि मी टोपली परत पाठवली होती. तेराव्या दिवशी जमलेल्या माणसांत कुणीतरी म्हणालं, मास्तर जरा हट्टीच. मी मान हलवली. त्या मान हलवण्यापायी हे सगळं लिहिणं आहे.

आता थोरलीसाठी. तू मला दुपारभर बसून समजावलंस. तुमचं यंत्र शिरवाळ्यांच्या शेवग्यासारखं, शेवया पाडायच्या साच्यासारखं आहे, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा तू टाळी वाजवलीस. उकडलेले तांदळाचे गोळे शेवग्यात दाबायचे आणि खालून तार पडते, तसा तुम्ही सुईतून लगदा दाबता. समुद्रातल्या शेवाळापासून केलेला, आपल्या चायना ग्रासच्या जातीचा. थरावर थर देत नळी उभी करता. त्यात माणसाच्या स्वतःच्या पेशी घालता. पेशी वाढतात, आपलं अस्तर विणतात, आणि लगदा हळूहळू विरून जातो. शेवटी राहते ती त्या माणसाची आपली रक्तवाहिनी. टेफ्लॉन सुईने भोसकलं की भोक तसंच राहतं, रक्त संथ झालं की त्यात गोठतं. तुमची नळी स्वतःची भोकं स्वतः बुजवेल. सगळं मला कळलं. मी मूर्ख नाही.

मी तुला विचारलं, अशी नळी दोराखाली दाबली गेली असती तर? तू म्हणालीस, कदाचित पुन्हा सुरू झाली असती. मी विचारलं, मिळणार कधी? तू म्हणालीस, दहा-पंधरा वर्षं. तू प्रामाणिक उत्तरं दिलीस. तरी मला त्या दोन्ही उत्तरांचा राग आला, आणि तो रागही मी ताटांबरोबर आत नेला. तू काम सोडू नकोस. पण एक कर. तुमच्या त्या नळीबरोबर जो कागद देतील तो लिहिताना, ती नळी घालून माणूस परत कुठे जाणार आहे, हे आधी त्याला विचारा. त्याच्या बायकोलाही विचारा. तिला तर आधी.

धाकट्या, तुला एवढंच. यापुढे ही गोष्ट सांगशील तेव्हा टोपलीपासून सुरुवात कर.

तांडेलाशी मी वर्षभर बोलले नाही. मग एके दिवशी त्याची बायको टोपली घेऊन दारात आली आणि काही न बोलता उभी राहिली. मीही काही न बोलता घेतली. आता रापणीला मासळी कमी लागते, मोठ्या यांत्रिक बोटी बाहेरच सगळं उचलतात, पण जेव्हा लागते तेव्हा आजोबांच्या नावाचा वाटा वेगळा पडतो. दोराला माझा हात अजूनही लागलेला नाही.

थोरले, तू ठेवून गेलेली बाटली मी कपाटात, जुन्या बाटलीशेजारी ठेवली होती. काल उघडून पाहिलं. तुझी नळी फुटून तिचे धागे झाले आहेत आणि पाणी गढूळ झालं आहे. शेजारचा टेफ्लॉनचा तुकडा आहे तसा आहे, पांढरा, वीतभर, दाबला तर दबणारा, सोडला की गोल होणारा. त्याच्याखाली वही आहे, "आवाज नाही" या पानापर्यंत लिहिलेली.